पत्ता चोख, पिंड अर्धामुर्धा: जेपीएलचा लघुपिंड माहितीसाठा वापरण्याआधी

नासाच्या लघुपिंड माहितीसाठ्याच्या पानावर, शोधाच्या चौकटीत नुसता १ हा आकडा टाकून एन्टर दाबा. सेरेस समोर येतो. व्यास ९३९ किलोमीटर, २००६ पासून अधिकृत बटुग्रह. पण पानावर वर्ग लिहिलेला असतो 'मुख्य पट्ट्यातला लघुग्रह'. आता १३४३४० टाका. हा प्लूटो, आणि याचा वर्ग 'नेपच्यूनपलीकडचा पिंड'. बटुग्रह हा शब्द वर्गाच्या रकान्यात दोन्हीकडे नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, माहिती जुनी आहे, कुणीतरी बदलायला विसरलं.

तसं काही नाही. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या (जेपीएल) या स्मॉल-बॉडी डेटाबेसमध्ये वर्ग ठरतो तो फक्त कक्षेवरून. पिंड गोल आहे की बटाट्यासारखा, दगडाचा आहे की धातूचा, याच्याशी त्या रकान्याचं काही देणंघेणं नाही. २००६ मध्ये प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोल संघानं ग्रह, बटुग्रह आणि सूर्यमालेतले लघुपिंड अशी जी वाटणी केली, ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते: स्वतःच्या गुरुत्वानं गोल झालाय का, आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलाय का. जेपीएलचा रकाना विचारतो, 'राहतो कुठे?' हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोटाळे टळतात. उरलेले निम्मे खाली येतील.

आधी सेवा म्हणून काय मिळतं ते. पैसे नाहीत, नोंदणी नाही, जाहिराती नाहीत. १४ लाखांहून अधिक लघुग्रह आणि काही हजार धूमकेतू. आत शिरायला दोन दारं: एका पिंडाची कुंडली पाहायची तर 'लुकअप', अटी घालून यादी काढायची तर 'क्वेरी'. प्रोग्राममधून मागवायचं असेल तर एपीआयही आहे, त्याला चावी लागत नाही. फक्त एका वेळी एकच मागणी पाठवावी. आणि भौतिक गुणधर्म हवे असतील तर तसं स्पष्ट मागावं लागतं, नाहीतर उत्तरात फक्त कक्षा येते. इतक्या कष्टानं तयार झालेली माहिती इतक्या सरळपणे हातात देणारी जागा शोधून सापडणार नाही. पाचपैकी साडेचार देऊ. उरलेला अर्धा का कापला, ते वर्गांच्या नावांकडे येऊ तेव्हा कळेल.

लुकअपमध्ये नाव, क्रमांक किंवा शोधावेळचं तात्पुरतं नाव, काहीही चालतं, रोमन लिपीत. स्पेलिंग नक्की आठवत नसेल तर शेवटी तारांकन टाकलं की जुळणाऱ्या नावांची यादी येते. इथे एक जुना सापळा आहे. युरोपा टाकलंत तर ५२ युरोपा हा मुख्य पट्ट्यातला लघुग्रह येईल, गुरूचा उपग्रह नाही. ८५ आयो, १०६ डायोनी, ५७७ ऱ्हिया यांचंही तेच. ग्रहांचे उपग्रह या साठ्यात नाहीतच. १०३६ गॅनिमेड तर इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षरानं गुरूच्या उपग्रहापासून वेगळा आहे, आणि तो पृथ्वीसमीप लघुग्रहांमधला सर्वांत मोठा.

पान उघडलं की बहुतेकांची नजर थेट व्यासाकडे जाते. ती तशी जाऊ देऊ नका. आधी 'कंडिशन कोड' पाहा. हा ० ते ९ मधला आकडा म्हणजे कक्षा किती पक्की आहे याची खूण. कोड ० असेल तर दहा वर्षांनंतरही पिंडाचं कक्षेतलं स्थान एका विकलेच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) आत चुकेल. ९ असेल तर तीच चूक ४० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे तो पिंड आकाशात कुठे शोधायचा हेच धड सांगता येत नाही. त्याच्या शेजारीच निरीक्षणांचा कालावधी दिवसांत दिलेला असतो. चार-पाच दिवसांच्या निरीक्षणांवर उभी असलेली कक्षा दशांशचिन्हानंतर कितीही आकडे दाखवो, त्यातले पहिले दोन-तीनच कामाचे. बरं म्हणजे प्रत्येक घटकासमोर त्याची अनिश्चितताही छापलेली असते. फार कमी लोक ती वाचतात.

आता वर्ग. मोजमाप खगोलीय एककात, म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर धरून. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट असल्यानं ती सूर्यापासून ०.९८३ ते १.०१७ एककांच्या दरम्यान फिरते, आणि पृथ्वीसमीप वर्गांच्या सगळ्या भिंती या दोन आकड्यांवर उभ्या आहेत. सूर्यापासूनचं सर्वांत दूरचं अंतरही ०.९८३ च्या आत, तर अटिरा गट: पिंड कायम पृथ्वीच्या कक्षेच्या आतच. अर्धदीर्घ अक्ष (लांबट कक्षेच्या लांबीचा अर्धा भाग, पुढे नुसता अक्ष) १ पेक्षा कमी, पण दूरचं टोक ०.९८३ च्या पलीकडे, तर अटेन. अक्ष १ पेक्षा जास्त आणि उपसूर्य अंतर, म्हणजे सूर्यापासूनचं सर्वांत जवळचं अंतर, १.०१७ पेक्षा कमी, तर अपोलो. उपसूर्य अंतर १.०१७ ते १.३ मध्ये, तर अमोर. या चौघांना मिळून पृथ्वीसमीप म्हणायचं.

४३३ इरॉसचं पान या कामासाठी उत्तम आहे, कारण त्याचे आकडे हातानं तपासता येतात. अक्ष १.४५८, उत्केंद्रता (कक्षा किती लांबट याचं माप) ०.२२३. एकातून उत्केंद्रता वजा करा, येतात ०.७७७, अक्षानं गुणा, उपसूर्य अंतर येतं १.१३३. म्हणजे अमोर. पृथ्वीसमीप या रकान्यात 'होय', पण शेजारच्या 'संभाव्य धोकादायक' रकान्यात 'नाही'. जवळपास १७ किलोमीटर सरासरी व्यासाचा धोंडा, तरी धोकादायक नाही? कारण त्या शिक्क्याला दोन अटी एकाच वेळी लागतात. पृथ्वीच्या आणि पिंडाच्या कक्षांमधलं किमान अंतर ०.०५ एकक किंवा कमी, म्हणजे सुमारे ७५ लाख किलोमीटरच्या आत; आणि निरपेक्ष प्रत, म्हणजे पिंडाच्या मूळ तेजाचा आकडा, २२ किंवा त्याहून तेजस्वी (आकडा जितका कमी तितकं तेज जास्त, आणि साधारणपणे पिंड मोठा). इरॉसच्या कक्षेचं किमान अंतर ०.१५ च्या आसपास आहे. आकाराची अट तो सहज पार करतो, अंतराची नाही. हे अंतर कक्षांमधलं आहे, पिंडांमधलं नाही, हे वृत्तपत्रांच्या मथळ्यांना कधीच कळत नाही. दोन रस्ते चौकात मिळतात म्हणून त्यांवरच्या गाड्या एकाच क्षणी चौकात येतात असं नव्हे.

पृथ्वीसमीप गट संपले की मंगळाची पाळी. उपसूर्य अंतर १.३ ते १.६६६ आणि अक्ष ३.२ पेक्षा कमी असेल तर 'मंगळकक्षा छेदणारा'. १.६६६ हे मंगळाचं सूर्यापासूनचं सर्वांत दूरचं अंतर, जवळचं १.३८१. त्यामुळे उपसूर्य अंतर १.६ असलेला लघुग्रह या वर्गात पडतो खरा, पण मंगळाची कक्षा तो खरोखर छेदेलच असं नाही. ५२६१ युरेका हे याहून गमतीचं प्रकरण. १९९० मध्ये सापडलेला हा मंगळाचा ट्रोजन, म्हणजे मंगळाच्याच कक्षेत, त्याच्यामागे साठ अंशांवर टिकून असलेला. छेदणं राहू द्या, हा मंगळाच्या जोडीनं फिरतो. पण उपसूर्य अंतर १.४२ निघालं, की चाळणी त्याला छेदणाऱ्यांत टाकून मोकळी.

ट्रोजनांच्या रकान्यात तरी नीट आहे का? तिथे फक्त गुरूचे ट्रोजन, आणि अट अशी: अक्ष ४.६ ते ५.५, उत्केंद्रता ०.३ पेक्षा कमी. पिंड गुरूशी खरंच एकास एक अनुनादात (गुरूच्या एका प्रदक्षिणेत त्याचीही एकच, अशा जुळलेल्या तालात) अडकलेला आहे का, हे ती तपासत नाही. बहुतेकदा उत्तर बरोबर येतं, कारण त्या पट्ट्यात दुसरं फारसं कुणी टिकत नाही. पण पुढचा की मागचा हा प्रश्न विचारलात तर पान गप्प. ५८८ अकिलीस (१९०६ मध्ये माक्स वोल्फनं शोधलेला पहिला ट्रोजन) गुरूच्या पुढच्या थव्यात, ६१७ पॅट्रोक्लस मागच्या थव्यात. वर्ग मात्र दोघांचा एकच. पुढच्या थव्यातल्यांना ग्रीक वीरांची आणि मागच्यांना ट्रॉयकरांची नावं द्यायची, हा नियम नंतर आला. त्यामुळे ६२४ हेक्टर हा ट्रॉयचा राजपुत्र ग्रीक छावणीत आणि पॅट्रोक्लस हा ग्रीक ट्रॉयकरांत अडकून पडलेत. नावावरून थवा ओळखायला जाल तर नेमके या दोघांपाशी फसाल.

कापलेला अर्धा गुण मात्र मुख्य पट्ट्याचा. जेपीएलची चाळणी त्याचे तीन तुकडे करते: अक्ष २ पेक्षा कमी तो 'आतला मुख्य पट्टा', २ ते ३.२ तो 'मुख्य पट्टा', ३.२ ते ४.६ तो 'बाहेरचा मुख्य पट्टा'. (पहिल्या दोघांना उपसूर्य अंतर १.६६६ च्या पलीकडे हवं.) शोधनिबंधांत हेच शब्द वेगळ्या अर्थानं येतात. तिथे पट्टा कर्कवूड फटींवर कापतात, म्हणजे गुरूच्या अनुनादांनी साफ केलेल्या जागांवर: २.५० ला तीनास एक, २.८२ ला पाचास दोन, ३.२७ ला दोनास एक. आतला पट्टा म्हणजे २.५ पर्यंत, मधला २.८२ पर्यंत, बाहेरचा त्यापुढे. आता कुणी निबंध वाचून 'बाहेरच्या पट्ट्यात काळे, कार्बनी लघुग्रह जास्त' हे पडताळायला क्वेरीत 'बाहेरचा मुख्य पट्टा' निवडला, तर हातात येतात प्रामुख्यानं हिल्डा आणि सिबिली यांच्या आसपासचे, दूरचे गट. २.८२ ते ३.२ मधले सगळे, म्हणजे थेमिस आणि इऑस ही भलीमोठी कुटुंबं, यादीत मुळी येतच नाहीत. 'आतला पट्टा' निवडला तर प्रामुख्यानं ४३४ हंगेरियाचे सगेसोयरे, २.३६ वरची वेस्टा गायब. चूक यंत्रणेची नाही, व्याख्या पानावर लिहिलेल्या आहेत. पण नावं अशी निवडली आहेत की माणूस व्याख्या वाचायला जातच नाही. उपाय सोपा: पट्ट्याचं काम असेल तर वर्गाच्या खुणेला हात लावू नका, अक्षाची मर्यादा स्वतः आकड्यांत घाला.

कुटुंबांचा विषय निघालाच आहे तर: कियोत्सुगु हिरायामा यांनी १९१८ मध्ये कोरोनिस, इऑस आणि थेमिस ही कुटुंबं दाखवली, पण या साठ्यात कुटुंबाचा रकाना नाही. इथली कक्षा त्या-त्या तारखेची, तात्कालिक. कुटुंब ओळखायला ग्रहांच्या ओढाताणीतून येणारे चढउतार काढून टाकलेले 'प्रॉपर' घटक लागतात, आणि त्यासाठी पिसाच्या अ‍ॅस्टडिस या साठ्याकडे वळावं लागतं. तात्कालिक आकड्यांवर कुटुंब शोधायला बसलात तर सगळं पुसट दिसेल.

गुरूपलीकडे ५.५ ते ३०.१ अक्षाचा तो सेंटॉर, त्यापुढचा नेपच्यूनपलीकडचा. इथेही अक्षावर भिस्त ठेवल्यानं विचित्र पाहुणे येतात. वाल्टर बाडे यांनी १९२० मध्ये शोधलेल्या ९४४ हिडाल्गोचा अक्ष ५.७४, म्हणून तो सेंटॉर. पण उत्केंद्रता ०.६६ असल्यानं तो सूर्याच्या १.९५ एकक इतका जवळ, मंगळाच्या कक्षेच्या थोडा बाहेरपर्यंत येतो. मायनर प्लॅनेट सेंटरच्या व्याख्येत सेंटॉरचं उपसूर्य अंतरही गुरूच्या कक्षेबाहेर लागतं. दोन संस्थांच्या याद्या जुळत नाहीत अशी तक्रार करण्याआधी हे पाहावं.

हिडाल्गोचा खरा स्वभाव त्याच पानावर, जरा खाली, सापडतो. गुरूसापेक्ष टिसराँ मूल्य: २.०७. अक्ष, उत्केंद्रता आणि कल (कक्षेच्या पातळीचा तिरपेपणा) यांतून निघणारा हा एक आकडा. लघुग्रहांसाठी तो साधारण ३ च्या वर असतो, गुरूकुळातल्या धूमकेतूंसाठी २ ते ३. लघुग्रहाच्या वेषातले थकलेले धूमकेतू हुडकायचे तर क्वेरीत टिसराँ ३ पेक्षा कमी अशी अट घाला, आणि लगेच ट्रोजन वर्ग वगळा. नाहीतर हजारो ट्रोजन यादीत घुसतील, कारण त्यांचं मूल्यही ३ च्या किंचित खाली असतं. उलट बाजूही आहे. ३२०० फेथॉन अपोलो वर्गात, टिसराँ ४.५, सगळं लघुग्रहासारखं. तरी डिसेंबरातल्या जेमिनिड उल्कावर्षावाचा उगम तोच. आणि काहींना दोन्ही बिल्ले. १९४९ च्या छायाचित्रांत शेपटीसह दिसलेला धूमकेतू आणि १९७९ मध्ये नव्यानं सापडलेला लघुग्रह एकच आहेत हे १९९२ मध्ये लक्षात आलं. म्हणून तो आज ४०१५ विल्सन-हॅरिंग्टनही आहे आणि धूमकेतू क्रमांक १०७ देखील. बाहेरून आलेला ओमुआमुआ (२०१७, उत्केंद्रता १.२) 'अपास्त कक्षेतला लघुग्रह' या जवळपास रिकाम्या खणात पडलेला आहे.

पिंडाच्या जडणघडणीबद्दल दोनच रकाने आहेत, आणि ते बहुसंख्य पिंडांसाठी रिकामे: थोलेन आणि स्मास-दोन, म्हणजे वर्णपट पाहून पिंडाला अक्षर देण्याच्या दोन पद्धती. थोलेनची पद्धत १९८४ ची, १४ प्रकारांची. स्मास-दोन ही बस आणि बिन्झेल यांची, २००२ ची, २६ प्रकारांची. अक्षरं सारखी दिसतात, अर्थ सारखे नसतात. १६ सायकी पाहा: थोलेनमध्ये एम, स्मास-दोनमध्ये एक्स. मतभेद नाही हा. थोलेननं सारख्याच दिसणाऱ्या सपाट वर्णपटांना परावर्तन पाहून तीन नावं दिली: लख्ख ते ई, मध्यम ते एम, काळपट ते पी. स्मास-दोननं परावर्तन बाजूला ठेवलं, म्हणून तिघं मिळून एक्स. तेव्हा नुसतं एक्स दिसलं की 'धातूचा' असं लिहून मोकळं होऊ नका, शेजारचा परावर्तनाचा आकडा बघा. अक्षरापुढे विसर्गासारखी दोन टिंबं असतील तर वर्णपटात गोंगाट होता; यू असेल तर वर्णपट नेहमीसारखा नव्हता. टिंबं टाइपाची चूक समजून पुसू नका.

व्यासाचा रकानाही असाच विरळ. बहुतेकांचा व्यास कुणी मोजलेलाच नाही, फक्त निरपेक्ष प्रत आहे. त्यातून अंदाज काढायचा तर १३२९ ला परावर्तनाच्या वर्गमुळानं भागा आणि दहाच्या उणे प्रत-भागिले-पाच या घातानं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. प्रत २२ आणि परावर्तन ०.१४ धरलं की १४० मीटर येतात, 'धोकादायक'ची मर्यादा तिथूनच आली. पण तोच पिंड कोळशासारखा, ०.०५ परावर्तनाचा असेल तर २३७ मीटर, आणि ०.४० चा असेल तर जेमतेम ८४. एका प्रतीत जवळजवळ तिपटीचा फरक मावतो.

म्हणूनच क्वेरीत 'व्यास १ किलोमीटरपेक्षा जास्त' अशी अट घालणं ही सर्वांत महागडी चूक. रकाना रिकामा असलेले सगळे पिंड मुकाट्यानं गळतात आणि यादी पूर्ण असल्यासारखी दिसते. त्याऐवजी गट म्हणून पृथ्वीसमीप निवडा, प्रकार लघुग्रह, निरपेक्ष प्रत १७.७५ किंवा कमी (०.१४ परावर्तनाला हे एक किलोमीटर होतं). पृथ्वीसमीप गटात कच्च्या कक्षा भरपूर, त्यामुळे सांख्यिकी काढायची असेल तर कंडिशन कोडची मर्यादाही घाला. मग रकाने निवडा: नाव, वर्ग, अक्ष, उत्केंद्रता, उपसूर्य अंतर, कल, टिसराँ, प्रत, व्यास, परावर्तन, एपॉक. एपॉक म्हणजे हे आकडे ज्या तारखेसाठी काढले आहेत ती तारीख. सीएसव्ही उतरवून घ्या.

स्प्रेडशीटमध्ये उघडल्यावर दोन किरकोळ त्रास. पूर्ण नावाच्या रकान्यात क्रमांकाआधी मोकळ्या जागा भरलेल्या असतात. त्या काढल्याशिवाय नाव जुळवणी फसते. दुसरं, पहिल्या निरीक्षणाची तारीख. एक्सेलचं पंचांग १९०० पासून सुरू होतं. इरॉस सापडला १८९८ मध्ये, पण त्याची निरीक्षणं जुन्या छायाचित्रांमुळे १८९३ पर्यंत मागे जातात. अशा तारखा एक्सेल मजकूर म्हणून ठेवतो आणि क्रम लावताना त्या भलतीकडेच जाऊन बसतात. वर्षाचा रकाना वेगळा काढा, काम होतं.

राहिली गोष्ट एपॉकची. ९९९४२ अपोफिसचं पान आज 'अटेन' सांगतं: अक्ष ०.९२२, प्रदक्षिणा ३२४ दिवसांची. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, पृथ्वीची ओढ त्याचा अक्ष १ च्या वर नेईल आणि तो अपोलो होईल. दगड तोच. फाइलच्या नावात एपॉक लिहून ठेवलेला नसेल तर एप्रिल २०२९ च्या आधीची आणि नंतरची यादी शेजारी ठेवल्यावर कुणी तरी त्याला चूक समजून दुरुस्त करायला बसेल.